दहा म्हणजे दहा

फोटो मिळाला. शिखरावरचा क्रॉस, हातात काठी, चेहऱ्यावर मावत नाही एवढं हसू. खाली लिहिलंस, "पिझ बुइन, ३३१२ मीटर. सर, तुमचे आशीर्वाद." आशीर्वाद राहू दे बाजूला. फोटोवरची वेळ मी वाचली. दुपारचे बारा चाळीस. आदल्या रात्री वीसबाडनर हटमधून फोन कुणी केला होता? तूच ना? "सर, उद्या दहा वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, ठरलंय," हे कोण म्हणालं? मी तर विचारलंही नव्हतं. तूच ठरवलंस, तूच सांगितलंस आणि तूच मोडलंस. दहा वाजता तू कुठे होतास? बुइनल्युके खिंडीच्याही खाली. त्यानंतर पावणेतीन तास वर वर जात राहिलास.

दुसरा फोटो परतीचा आहे. चौघे हसत उभे आहात. तुमच्या मागचा उतार नीट बघ. वरच्या खडकांखालून सुटलेले बर्फाचे गोळे घरंगळत आलेत, प्रत्येकाने मागे चर पाडलाय. एक नाही, दोन नाही, अख्खा उतार ओरबाडल्यासारखा दिसतोय. त्याचा अर्थ तुला माहीत नाही? सोलंगच्या उतारावर हेच गोळे दाखवून मी तुम्हाला विचारलं होतं, हे कशाचं लक्षण? पहिला हात तुझा वर गेला होता. "सर, बर्फाची पकड सुटली, आता इथे थांबायचं नाही." उत्तर बरोबर होतं. मग आल्प्सच्या सिल्व्रेटा डोंगरांत त्याच लक्षणाकडे पाठ करून फोटो कसा काढलास?

तुला काही येत नसतं, तर मी एवढं लिहिलंच नसतं. दोन शब्दांत सांगून मोकळा झालो असतो, घरी बस. पण तुला येतं. नकाशावर तीस अंशांवरचे उतार तू बघता बघता रंगवतोस. हिमस्खलनाचं पत्रक जर्मनमधून वाचतोस. बर्फ खणून थर तपासतोस. आणि ऐन वेळी ते सगळं गुंडाळून ठेवतोस. कळतं पण वळत नाही, अशांतला तू. असा माणूस डोंगरात अडाण्याहून धोक्याचा. अडाणी निदान घाबरतो तरी.

आता तुझ्या सबबी. फोनवर एकेक करून ऐकवल्यास, मी गप्प बसून ऐकल्या. आता तू ऐक.

म्हणे, "निघायला जरा उशीर झाला." जरा? पाचला निघायचं ठरलं होतं, निघालास सात वीसला. का? हटवर गरम चहा होता, बाहेर अंधार होता, एकाची स्कीखाली चिकटवायची स्किन चिकटत नव्हती. स्किन चिकटत नाही हे आदल्या संध्याकाळी बघायचं असतं. बरं, उशीर झाला. उशीर कुणालाही होतो. पण सव्वादोन तास उशिरा निघालेल्या माणसाने काय करायचं? शिखर सोडायचं. तू काय केलंस? शिखर तसंच ठेवलंस आणि परतीची वेळ पुढे ढकललीस. दहाचे अकरा, अकराचे साडेअकरा, साडेअकराचं "आता आलोच आहोत तर". ती वेळ तुझ्या मालकीची होती का रे, पुढेमागे करायला? तू हटवरून किती वाजता निघालास याच्याशी सूर्याला काही देणंघेणं नाही.

त्याहून वाईट गोष्ट तू बोलता बोलता सांगून गेलास. "रात्री तीनपर्यंत ढग होते." तुझ्या लक्षात आलं का, काय बोललास ते? वसंतातली सगळी स्कीची सहल त्या एका रात्रीवर उभी असते. आभाळ निरभ्र असलं की दिवसभर तापलेला, पाणावलेला बर्फ आपली उष्णता आभाळात सोडून देतो, वरचा थर गोठतो आणि पहाटे काठी आपटली तर टणक आवाज येतो. त्या पपडीवर माणूस सुरक्षित चढतो. सूर्य तिच्यावरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ करतो, तेव्हा ऑस्ट्रियातले लोक ज्याला फिर्न म्हणतात, तो लोण्यासारखा उतार तास-दोन तास मिळतो. मग पपडी विरघळते. पाणी खाली झिरपतं, थरांमध्ये शिरतं, एका थराने दुसऱ्याला धरून ठेवलेली मूठ सुटते. पण रात्री ढगांची गोधडी असली तर उष्णता बाहेर जातच नाही. थर्मामीटर शून्याखाली दाखवत असला तरी पपडी कागदाएवढीच धरते. अशा दिवशी दहाची वेळसुद्धा उदार म्हणायची. नऊ करायला हवी होती. तू पावणेएक केलेस.

तू म्हणालास, "सर, हिमनदीचा उतार उत्तरेकडचा आहे, तिथे ऊन उशिरा येतं." अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं सांगून तू स्वतःलाच फसवलंस. ऑक्सेनटालर हिमनदी उत्तरेकडे उतरते, मान्य. तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंती कुठे तोंड करून आहेत? आणि हटखालची दरी? सकाळी पूर्वेकडे तोंड असलेले उतार आधी सुटतात, मग दक्षिणेचे, दुपारी पश्चिमेचे. चार वाजता तुम्ही ऑक्सेनटाल दरीतून सिल्व्रेटा तलावाकडे निघालात, तेव्हा पश्चिमेकडे तोंड केलेला अख्खा कडा तुमच्या डोक्यावर तापून बसला होता. तुमची वाट सपाट होती म्हणून तुम्हाला वाटलं संपलं. लोंढा सुटतो तो उतारावरून आणि येऊन थांबतो तो सपाटीवर. हे वाक्य तुझ्या वहीत तुझ्याच अक्षरात आहे.

हिमनदीवरच्या भेगांचं काय? पहाटे गोठलेले बर्फाचे पूल दुपारी लगद्यासारखे होतात. दोरी कुठे होती? पाठपिशवीत. पाठपिशवीतली दोरी भेगेत पडलेल्याच्या कामाची नाही.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक खोड आहे, ती तुझ्या अजून ध्यानात आलेली नाही. तू वाढलास सह्याद्रीत. तोरणा, राजगड, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट. तिथे आम्ही तुला एकच घोकून घेतलं, अंधार पडायच्या आत खाली. एप्रिलात पुण्यात सातच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून पाचला परत फिरायचं. बरोबर होतं ते. तेच मोजमाप घेऊन तू आल्प्समध्ये गेलास. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्यास्त रात्री आठनंतर. बारा चाळीसला शिखरावर उभा राहून तू मनात काय म्हणालास, सांगू? "अजून साडेसात तास उजेड आहे." हाच हिशोब केलास ना? अरे, तिथे परतीची वेळ उजेडावर ठरत नाही, उन्हावर ठरते. जितका जास्त उजेड, तितका जास्त ताप. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तिथला सूर्य दुपारी जितका उंच असतो, तितकाच ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात असतो. हवा थंड म्हणून तू अंगात जॅकेट घातलंस, आणि उतार ऑगस्टचं ऊन खात होता. सह्याद्रीची सवय चांगलीच आहे, पण ती तिथे घेऊन गेलास की तीच तुला मारते. जिथे संध्याकाळ वैरी होती तिथून तू दुपार वैरी असलेल्या मुलुखात गेलास आणि घड्याळ बदललंच नाहीस.

"वर आणखी लोक होते, सर. ट्रॅकही होते." किती वेळा ऐकायचं हे? अमेरिकेतल्या इयन मॅकॅमन यांनी हिमस्खलनाच्या ७१५ अपघातांची छाननी करून २००४ साली मांडणी केली. माणसं कशामुळे फसतात? ओळखीचा उतार. पुढे गेलेली माणसं. ठरवलेलं ध्येय सोडवत नाही. गटातला जाणता म्हणतोय म्हणजे ठीकच असणार. दुसऱ्याआधी आपण पोहोचलं पाहिजे. प्रशिक्षण घेतलेली माणसंही यातून सुटलेली नाहीत. हे मी तुम्हाला वर्गात शिकवलंय. यातला एक तरी सापळा तू त्या दिवशी सोडलास का? ट्रॅक म्हणजे काय? सकाळी सातला कुणीतरी पपडीवरून गेला, एवढंच. तुम्ही वर होता तेव्हा तो माणूस बीलरहोए खिंडीच्या खाली घरी जेवत बसला होता. दुपारी एक वाजताच्या बर्फाबद्दल त्याच्या ट्रॅकला काय माहीत?

"फक्त अडीचशे मीटर राहिले होते." खिंडीवरून शिखर अडीचशे मीटर उंच, हो. स्की तिथेच ठेवायच्या, क्रॅम्पॉन चढवायचे, खडकातली चिंचोळी घळ चढायची, वरून कुणी उतरत असेल तर थांबायचं, फोटो काढायचे, परत उतरायचं, स्किन गुंडाळायच्या. त्या "फक्त"ने तुझे तीन तास खाल्ले. तीन तास! हट किती जवळ आहे हा हिशोबही तू केलास. जवळ असणं माणसाला वाचवत नाही. एप्रिल २०१८ च्या अखेरीस शामोनी ते झर्माट या स्कीवाटेवर चौदा जण पिन दारोलाजवळ वादळात अडकले. त्यांच्यातले सात गेले. विन्येतचं हट तिथून काहीशे मीटरवर होतं. वादळाचा अंदाज आधीच वर्तवलेला होता. गेलेल्यांना मी बोल लावत नाही, तसा मला अधिकार नाही. पण तू जिवंत आहेस. तुला लावतो.

"ट्रान्सीव्हर होते, प्रोब होते, फावडी होती." होती. गाडल्या गेलेल्या माणसाला शोधायची साधनं ती. तो गाडला जाऊ नये म्हणून त्यातलं एकही काम करत नाही. आकडे तुला पाठ आहेत ना? पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्या दहांतले नऊ वाचतात, असं आपण वर्षानुवर्षं शिकवत आलो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या नोंदींच्या विश्लेषणाने ती मुदत दहा मिनिटांवर आणली. अर्ध्या तासानंतर दहांतले तीनच्या आसपास. आणि हे पाणावलेल्या बर्फात? ताज्या भुसभुशीत बर्फाचा एक घनमीटर शंभर किलोच्या आत-बाहेर. ओला लोंढा थांबला की त्याचा एक घनमीटर पाचशे किलो, आणि थांबताच दगडासारखा आवळतो. तुम्ही चौघे होता. एक गाडला गेला असता तर तिघे खणणार. त्यातली एक त्या दिवशी पहिल्यांदाच हिमनदीवर आलेली. दोन गाडले गेले असते तर? हिशोब कर. कागदावर कर, तोंडी नको.

तिच्याबद्दलच मला जास्त बोलायचंय. ती मुलगी तुझ्या भरवशावर आली. साडेदहा वाजता खिंडीखाली तिने विचारलं, "आपण परत फिरायचं होतं ना?" हे तूच मला हसत सांगितलंस. हसत! "ती जरा घाबरली होती, मी धीर दिला." काय धीर दिलास? तुझ्या चौघांत त्या घटकेला शुद्धीवर असलेली ती एकटी होती. तिला बर्फ वाचता येत नव्हता, पण वेळ आठवत होती. तेवढंच पुरेसं होतं. तिचं ऐकलं असतंस तर चौघे सुखरूप हटवर बसून सूप पीत असते. तू तिला गप्प केलंस. ओरडून नाही, मला माहीत आहे, तू ओरडणारा नाहीस. खांद्यावर हात ठेवून, "अगं, मी आहे ना," म्हणून. "मी आहे ना" म्हणजे काय? तू उतार धरून ठेवणार होतास? ती यातून काय शिकली? नव्या माणसाला शंका आली तर ती गिळायची, पुढच्याला जास्त कळतं. उद्या ती स्वतः कुणालातरी घेऊन जाईल आणि त्याच शब्दांत त्याला गप्प करेल. डोंगरात चुका अशाच हाताला धरून पुढे जातात.

एक मार्गदर्शक तिथे वरून परतताना तुम्हाला भेटला, त्याने मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून दाखवलं. हेही तूच सांगितलंस. परक्या माणसाने, भाषा न बोलता सांगितलं. तरी पाय वरच.

"इतक्या लांबून आलो, पुन्हा सुट्टी कधी मिळणार?" म्युनिकहून सिल्व्रेटा लांब? शुक्रवारी संध्याकाळी निघालास आणि शनिवारी हटवर पोहोचलास. आणि खरोखर लांब असतं, अगदी पुण्याहून विमानाने गेला असतास, तरी काय फरक पडला असता? तिकिटाची किंमत बर्फाला कोण सांगणार? सोमवारी ऑफिसात हजर व्हायचं म्हणून रविवारी शिखर गाठायचं. तुझ्या रजेचं वेळापत्रक आणि डोंगराचं वेळापत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुळल्या तर शिखर. नाही जुळल्या तर खिंडीपर्यंत जाऊन, दहाच्या आत, त्या लोण्यासारख्या फिर्नवरून खाली. आणि खरं सांगू? स्की करायला गेला होतास ना? मग दिवसातली सगळ्यात सुंदर स्की तू गमावलीस. चांगला बर्फ होता तो तास तू चढण्यात घालवलास आणि उतरलास कशातून? गुडघाभर लगद्यातून. हे मला परतीच्या फोटोतल्या तुझ्या ट्रॅकवरूनच दिसतंय. चढण्यासाठी उतरणं नासवलंस.

आणि शेवटची सबब, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो. "पण सर, झालं तर काहीच नाही ना?"

नाही झालं. म्हणूनच मला जास्त भीती वाटते. पडला असतास, पाय मोडला असता, दहा मिनिटं बर्फाखाली राहून बाहेर आला असतास, तर तुला शिकवायची गरज उरली नसती. डोंगर नेहमी शिक्षा देत नाही. दहातल्या नऊ वेळा चुकीच्या माणसालाही तो सोडून देतो आणि तो माणूस घरी जाऊन समजतो, आपण बरोबर होतो. तुझ्या डोक्यात आता नवा आकडा पक्का बसला असेल, पावणेएक. पुढच्या वर्षी पावणेएकला तुला भीतीही वाटणार नाही, कारण "मागच्या वेळी झालं होतं." मग दीड होईल. हीच तुझी शिकवणी चालू आहे, आणि शिकवतंय कोण? नशीब. देव तारी त्याला कोण मारी, असं म्हणत गडावर चढणारे मी खूप पाहिले. त्यातले काही आता नाहीत. गाल्ट्यूर आठव. सिल्व्रेटाच्या डोंगररस्त्याच्या एका टोकाचं गाव. २३ फेब्रुवारी १९९९ ला तिथे ३१ माणसं गेली. तो हिवाळ्यातला कोरडा लोंढा होता, तुझा वसंतातला ओला असता. पण ती माणसं गावात होती. त्यांनी कोणतीही वेळ मोडली नव्हती. तू स्वतःच्या पायांनी, स्वतःची वेळ मोडून तिथे उभा होतास, आणि तीन जणांना बरोबर घेऊन.

तुझी आई मला गेल्या आठवड्यात भेटली. "तिकडे बर्फात जातो म्हणे, तुम्ही आहात म्हणून काळजी नाही," म्हणाल्या. मी काय उत्तर द्यायचं होतं?

तर आता ऐक. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं म्हणतोस. जा. मी अडवणार नाही, तुझ्यात ताकद आहे आणि मला तू वर गेलेला हवाच आहेस. पण पद्धत बदल. आदल्या दिवशी संध्याकाळचं पत्रक वाच. रात्री दोनदा बाहेर येऊन आभाळ बघ, मोबाईलवर नाही, मान वर करून. ढग असतील तर सकाळी परत झोपायचं किंवा कमी उताराची वाट धरायची. परतीची वेळ झोपण्याआधी चौघांसमोर मोठ्याने बोल आणि हटच्या वहीत लिही. आणि ती वेळ राखायचं काम तू घेऊ नकोस. तुझ्यावर माझा विश्वास उडालाय, निदान या बाबतीत. ते काम तिला दे. ती नको म्हणाली तरी दे. तिला तू स्वतः फोन करून सांगायचंस, "तू म्हणालीस ते बरोबर होतं, मी चुकलो." आज रात्रीच. मला नको सांगूस चुकलो म्हणून, तिला सांग.

तिने दहा म्हटलं की दहा. शिखराला हात पोहोचत असला तरी दहा. वळायचं आणि खाली यायचं. हटवर पोहोचलास की मला फोन कर, कितीही वाजता. फोटो नको. किती वाजता वळलात तेवढं सांग.